आवाज नसलेलं मशीन

१

मी कान तपासतो. धंदाच आहे तो माझा. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक बंदिस्त खोली आहे, भिंतींना जाड फोम, एक काचेची खिडकी. आत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी. प्रत्येकाला तेच वाक्य सांगतो, "आवाज ऐकू आला की बटण दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा." मग आवाज कमी कमी करत नेतो.

वीस वर्षांत एक गोष्ट कळली. मी काहीच वाजवलेलं नसतं तेव्हाही लोक बटण दाबतात. लबाड नसतात बिचारे, त्यांना खरंच ऐकू आलेलं असतं. जो आवाजाची फार वाट बघतो तो जास्त चुकतो. म्हणून मी मधूनमधून मुद्दाम गप्प राहतो आणि अशा खोट्या खुणांचा रकाना वेगळा ठेवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल जी शंका घ्याल ती मी स्वतःबद्दल आधीच घेतलेली आहे.

दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी. मधली दुपार माझी. एक वाजता घरी येतो, आई आणि मी जेवतो, मग आई कानातली यंत्रं काढून डबीत ठेवते आणि आडवी होते. यंत्रं काढली की उशाशी ताट पडलं तरी तिला पत्ता लागत नाही. मी माझ्या खोलीत जातो आणि कॉम्प्युटरवर खेळतो. सेहेचाळिसाव्या वर्षी गेम खेळणारा माणूस लोकांना चमत्कारिक वाटतो. वाटू दे. कुणी दुपारी पेपर तोंडावर घेऊन घोरतं, मी मालवाहू जहाज बंदराला लावतो.

मशीन मी स्वतः जोडलेलं आहे, आणि चुका करत करत जोडलेलं आहे. पहिल्या वेळी आतला भाग थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तळाला चिकटवलेलं पातळ प्लास्टिक काढायचं राहिलं. 'बसवण्याआधी काढा' असं त्यावरच छापलेलं होतं. मशीन दहा मिनिटांत तापून बंद पडायचं आणि मी ते तीनदा उसकटून पुन्हा जोडलं. पुढे नवं ग्राफिक कार्ड घातलं आणि स्क्रीनची वायर त्या कार्डाला लावायची सोडून मदरबोर्डलाच लावून बसलो. अकरा दिवस मी त्या निरपराध कार्डाला शिव्या घातल्या. बाबा तेव्हा होते. आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे कुठलंही मशीन उघडलं की ते शेजारी येऊन बसत. मी कॅबिनेट बंद केलं की विचारत, "किती उरले?"

स्क्रू, म्हणजे. "बंद करताना स्क्रू उरला ना, तर समज आत काहीतरी राहिलंय. मशीन चाललं तरी राहिलंय."

२

बाबांची खोली आणि माझी खोली, मध्ये एकच भिंत. शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा, हाक मारण्याइतकाही श्वास पुरत नसे. युक्ती त्यांनीच काढली. शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान बोटात घालायचं आणि भिंतीवर तीनदा ठोकायचं. म्हणजे 'ये'. मी माझ्या बाजूने दोनदा ठोकायचं. म्हणजे 'येतोय'.

"उत्तर दे हं, नुसता येऊ नकोस," ते म्हणायचे. "उत्तर आलं की मग निवांत वाट बघता येते."

माझे दोन ठोके सारखे पडायचे नाहीत. पहिला जोरात, दुसरा अंमळ उशिरा आणि हलका, कारण तोवर मी खुर्ची मागे सारून उठायला लागलेला असे. त्या खुर्चीचं एक चाक कुरकुरायचं. दोन ठोके आणि मागून 'कुईं'. आईला त्याचं हसू यायचं.

त्या दुपारी मी चौघा अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन मॅच खेळत होतो. कानांवर मोठे हेडफोन, मशीनचे पाचही पंखे बोंबलत होते. मॅच चाळीस मिनिटं चालली. आम्ही जिंकलो. मी हेडफोन काढले आणि पाणी प्यायला जाता जाता बाबांच्या खोलीत डोकावलो.

उजवा हात भिंतीपाशी होता, बोटात अंगुस्तान. तोंड मात्र दाराकडे वळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास झाला असेल, आणि कुणी लगेच गेलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. 'फार काही' हे दोन शब्द मी गेली तीन वर्षं चघळतो आहे. आणि ते दाराकडे वळलेलं तोंड. जो माणूस भिंतीवर ठोकतोय आणि ज्याला उत्तर येत नाहीये, तो भिंतीकडे बघेल ना?

आईला मी काही सांगितलं नाही. मी ओरडलो, ती स्वयंपाकघरातून धावत आली, दोघं रडलो. तिने कधी विचारलं नाही. 'मला ऐकूच आलं नाही' हे वाक्य कान तपासणाऱ्याच्या तोंडून निघेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

३

वर्षभर मशीन सुरू केलं नाही. हेडफोन त्याच आठवड्यात कचऱ्यात गेले होते. शेवटी आईच म्हणाली, "खेळ बाबा जरा. भिंतीकडे बघत बसतोस ते बघवत नाही मला."

तोपर्यंत आई बाबांच्या खोलीत राहायला गेली होती. गुडघे धरले होते आणि त्या खोलीला लागून न्हाणीघर आहे. मी तिला म्हटलं, काही लागलं तर ठोक, मी इथेच आहे. आणि मनाशी ठरवलं, खेळायचं तर असं मशीन करायचं की त्याचा आवाजच होणार नाही. हेडफोन नाहीत, स्पीकर अगदी बारीक, खोलीचं दार उघडं. आईने भिंतीवर बोट टेकवलं तरी मला कळलं पाहिजे. पुन्हा तीच चूक झाली तर मला स्वतःचं तोंड आरशात बघता आलं नसतं.

मशीनमधला आवाज शोधायची एक पद्धत असते. कॅबिनेटची बाजू उघडायची, मशीन चालू ठेवायचं आणि एकेका पंख्याच्या मधल्या चकतीवर बोट ठेवून तो थांबवायचा. ज्याला थांबवल्यावर खोली बदलते तो चोर. नुसत्या कानाने दिशा कळली नाही तर पुठ्ठ्याची नळी लावायची. मी पाचही पंखे बदलले, मोठे आणि सावकाश फिरणारे घातले. सुटे भाग विकणारा दुकानदार हसला.

"साहेब, लोक मशीन फास्ट करायला येतात. तुम्ही एकटेच त्याला गप्प करायला येता. मौनव्रत आहे का काही?"

नवे पंखे घातल्यावर तिसऱ्या दिवशी मी जहाज धक्क्याला लावत होतो तेव्हा टेबलाखालून बारीक आवाज आला. टक. आणि मग टक.

मी पहिली गोष्ट काय केली असेल तर उठून आईच्या खोलीत गेलो. ती डोळे मिटून पडली होती, एक हात भिंतीला टेकलेला. मी दारातूनच परत फिरलो.

४

"जुनी हार्ड डिस्क आहे ना आत?" दुकानदार म्हणाला. "तिच्या आतली सुई जागेवर जाऊन बसते तेव्हा टकटक करते. आधी पंख्यांच्या गोंगाटात तुम्हाला ऐकू येत नव्हती, आता येते. एक आवाज मारला की त्याच्याखालचा दुसरा वर येतो साहेब, हे असंच असतं. याला अंत नाही."

त्याचं म्हणणं पटलं. मी हार्ड डिस्क काढली, काहीच फिरत नाही अशी नवी लावली. दोन दिवस शांतता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दुपारी टक, टक. आता आधीपेक्षा स्वच्छ.

मग पॉवर सप्लाय बदलला, त्यातही एक कळ टकटकते म्हणून. मग मशीन भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं आणि खाली रबराचे पाय बसवले, कारण पत्रा तापला-निवला की वाजतो. मग खुर्ची बदलली. त्या कुरकुरणाऱ्या चाकाचा संबंध नव्हता, पण एकदा माणूस आवाजाच्या मागे लागला की त्याला घरातल्या मांजराचं चालणंही खुपतं. जुनी खुर्ची भंगारवाल्याने नेली आणि रबरी चाकांची नवी आली. प्रत्येक बदलानंतर खोली आणखी शांत व्हायची, आणि प्रत्येक वेळी ते दोन ठोके आणखी जवळ यायचे.

मी वही केली. धंद्याची सवय. वेळ लिहायची, मशीन किती वेळ चालू होतं ते लिहायचं, काय उघडं होतं ते लिहायचं. वेळ साधारण एकच निघाली, सव्वातीन ते साडेतीन. मशीन नुकतंच सुरू केलं असलं, थंडगार असलं, तरी. एकदा मी ते मुद्दाम बंद ठेवून नुसता बसलो होतो. तेव्हाही. ती खूण मी 'खोटी' या रकान्यात टाकली. वाट बघणारा चुकतो, हे मीच तर लोकांना सांगतो.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नाही. पहिला ठोका जोरात असायचा. दुसरा अंमळ उशिरा आणि हलका.

५

एका बुधवारी, सव्वातीनच्या पुढे, टेबलाखाली दोनदा वाजलं. मी वहीत वेळ टाकली आणि जहाजाकडे वळलो. दहाएक मिनिटांनी पायाखालच्या फरशीतून धप्प असं काहीतरी जाणवलं.

आई पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये पडली होती. डावा हात अंगाखाली. रडत नव्हती, चेहरा नुसता ओशाळलेला होता, घरातल्या मोठ्या माणसाने काही सांडल्यावर होतो तसा. मनगटाला बारीक तडा गेला होता. प्लॅस्टर घालून घरी आणताना गाडीत ती म्हणाली, "वाट बघितली रे थोडी. मग म्हटलं, आपणच उठावं."

"ठोकलं होतंस?"

"ठोकलं की."

तीच खोली, तीच भिंत, तोच मी. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या माझ्या सहकारी बाईंना म्हटलं, माझे कान बघा. वीस वर्षांत मी त्या फोमच्या खोलीत पहिल्यांदा आतल्या बाजूने बसलो. काचेपलीकडून त्या माझंच वाक्य माझ्यावर टाकून हसल्या, "आवाज ऐकू आला की बटण दाबा."

उजवा कान ठीक निघाला. डाव्याच्या आलेखात मध्येच खड्डा होता, बारीक टकटक जिथे ऐकू यावी नेमका तिथे. "हेडफोन फार वापरलेत वाटतं," त्या म्हणाल्या. खुर्चीवर बसलं की भिंत माझ्या डाव्या हाताला असते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, बरं वाटलं. कारण सापडलं होतं. आईची टकटक हळू, माझा डावा कान अधू, वर मशीनची उरलीसुरली घरघर. कान दुरुस्त होणार नव्हता. मशीन होणार होतं.

६

पंखाच नसलेलं कॅबिनेट मिळतं. त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या जाड पट्ट्या असतात, आतली उष्णता त्या पट्ट्या बाहेर सोडतात. फिरणारं असं आत काहीच नाही. दुकानदाराने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "यानंतर माझ्याकडे यायचं कारणच उरणार नाही तुम्हाला."

सुट्टीच्या दिवशी सकाळी जोडायला बसलो. सगळं बसवलं, बटण दाबलं, स्क्रीन काळी ती काळी. तासभर एकेक वायर काढली, घातली. मशीन चालू आहे की नाही हेच कळेना, कारण चालू असल्याचा काही आवाजच नाही. शेवटी दुकानदाराला फोन लावला.

"रॅमची पट्टी नीट बसलेली नसेल साहेब. जोरात दाबा. घाबरता काय, कट् असा आवाज येऊ द्या."

जोरात दाबली, कट् आवाज आला, स्क्रीन उजळली. इतका खटाटोप गप्प करण्यासाठी, आणि अडलं होतं ते एका आवाजासाठीच. मी एकटाच हसलो. कॅबिनेट बंद केलं आणि पाहिलं तर टेबलावर एक स्क्रू उरला होता. पुन्हा उघडून सगळी भोकं मोजली. सगळी भरलेली होती. स्क्रू खणात टाकला.

दुपारी जेवणं झाली. आईने एका हाताने यंत्रं काढली, डबी मी बंद करून दिली. खोलीत येऊन मशीन सुरू केलं. इतकी शांतता मी फक्त फोमच्या खोलीत अनुभवली आहे. स्वयंपाकघरातला फ्रिज थांबला तो कळला. माझा स्वतःचा श्वास, शर्टाची बाही टेबलाला घासल्याचा आवाज. जहाज मी समुद्राच्या मधोमध उभं करून ठेवलं आणि खेळाचा आवाजही बंद केला.

तीन वाजून बावीस मिनिटांनी डाव्या बाजूने आवाज आला. इतका हळू, की मी मान वळवून उजवा कान भिंतीकडे केला तेव्हा त्यातला शेवटचाच नीट मिळाला. एक, दोन, तीन. आई. बोटाच्या पेराने ठोकलेलं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ऐकू आलं होतं. पहिल्यांदा, वेळेवर. मी उत्तर द्यायला हात उचलला. मूठ भिंतीपासून चार बोटांवर असेल.

आणि टेबलाखाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीवर ठोका पडला. जोरात. मग दुसरा, अंमळ उशिरा आणि हलका.

माझा हात अजून हवेतच होता.

मी मशीनची पिन भिंतीतून उपटली. खाली वाकलो. मशीन भिंतीपासून वीतभर दूर, रबराच्या पायांवर उभं. वायरी. धूळ. आणि भिंतीवर, एरवी मशीनच्या मागे झाकलेल्या जागी, रंगावर रुपयाएवढा डाग. मळकट, आणि घासून गुळगुळीत झालेला. जिन्याच्या कठड्यावर रोज हात पडतो तिथे होतो तसा.

७

आई जागी होती. उजवा तळवा भिंतीला टेकलेला. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"आज आलास होय! रोज येतो म्हणतोस आणि येत नाहीस."

मी डबी उघडली आणि तिच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवली. डावं नीट बसायला वेळ लागला.

"रोज?" मी विचारलं.

"जाग आली की ठोकते ना मी. तू उत्तर देतोस. मग तुझं ते जहाज का काय असतं, राहून जातं. मी म्हणते असू दे, आहे शेजारी तेवढं पुरे."

"आई, यंत्रं डबीत असतात. तुला ऐकू कसं येतं?"

"ऐकू कुठं येतं? हाताला कळतं की." तिने तळवा भिंतीवरून फिरवला. "दोनदा. आणि दुसरा तुझा नेहमीसारखा, आळशी."

"पडलीस त्या दिवशी?"

"त्या दिवशीही 'येतोय' म्हणालास. म्हणून तर वाट बघितली." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "अरे, मी तक्रार नाही करत आहे. होतं असं."

मी पलंगाच्या कडेला बसलो. म्हटलं, "मी नाही ठोकत, आई."

"मग कोण ठोकतं? दुसरं आहे कोण घरात?"

"मला माहीत नाही. मी तुला आजपर्यंत एकदाही उत्तर दिलेलं नाही. आज देणार होतो, त्याच्या आतच..."

तिने माझ्याकडे बघितलं. पोरगा आजारी आहे की काय, अशा नजरेने. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काहीतरी मनात धरून बसू नकोस. ह्यांच्या वेळी तू किती केलंस. शेवटच्या दिवशीसुद्धा. ह्यांनी ठोकलं, मी स्वयंपाकघरात होते, कानांत यंत्रं होती, ऐकलं मी. उठणार होते, तेवढ्यात तुझे दोन ऐकू आले. तुझी खुर्चीही वाजली. म्हटलं, गेला लेक, आता काळजी नाही. मी पुन्हा कामाला लागले." तिने प्लॅस्टरचा हात मांडीवर सावरून घेतला. "तेवढं एक समाधान आहे बघ मला. शेवटी तू जवळ होतास. एकटे गेले नाहीत."

मला तीन वर्षं वाटत होतं की माझ्याजवळ एक वाक्य आहे जे मी आईपासून लपवतो आहे. ते न सांगणं हेच आईच्या अंगावरचं पांघरूण होतं हे मला माहीत नव्हतं. ते तसंच राहू द्यावं, असं क्षणभर वाटलं. पण मग उद्या ती पुन्हा ठोकणार. तिला पुन्हा उत्तर मिळणार. आणि ती निवांत वाट बघत पडून राहणार, किंवा उठणार.

"आई," मी म्हटलं, "मी त्या दिवशी गेलोच नव्हतो. कानांवर हेडफोन होते. बाबांनी ठोकलेलं मला ऐकूच आलं नाही. चाळीस मिनिटं मी खेळत होतो. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं."

८

ती रडली नाही. तिने हात माझ्या गुडघ्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला, प्लॅस्टरच्या हाताशेजारी. खिडकीतलं ऊन फरशीवरून पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं.

"मग माझ्या कानांनी ऐकलं ते?" शेवटी तिने विचारलं. तिने मला नव्हे, भिंतीला विचारलं.

तिने उशीखाली हात घातला आणि अंगुस्तान काढलं. ते तिने जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. बोटात घालायला एका हाताने जमेना, तिने बोट पुढे केलं, मी घालून दिलं.

"नको, आई."

"तू इथेच बस. माझ्यासमोर. हात दिसू दे मला तुझे."

मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. घरात आम्ही दोघंच. पलीकडे माझी रिकामी खोली, मशीनची पिन काढलेली, रबरी चाकांची नवी खुर्ची टेबलाशी सरकवून ठेवलेली. तिने भिंतीवर तीनदा ठोकलं. पितळेचा तो आवाज मी तीन वर्षांनी ऐकला.

काही झालं नाही. मी मनात मोजत होतो, सवयीने. माझ्याकडून वाट बघितली जात होती आणि वाट बघणारा चुकतो, हेही मी स्वतःला बजावत होतो. चार. पाच.

भिंतीपलीकडून जोरात एक ठोका आला. मग दुसरा, अंमळ उशिरा, हलका. आईने माझ्या हातांकडे बघितलं. ते होते तिथेच होते.

आणि मग पलीकडे खुर्ची मागे सरल्याचा आवाज आला. कुईं. भंगारात गेलेल्या जुन्या खुर्चीचं ते चाक.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. मघापासून पहिल्यांदाच तिने मला हात लावला होता. आम्ही दोघांनीही मान वळवली, भिंतीकडून दाराकडे. मला वळवावी लागली नाही, ती आपोआप वळली. दार उघडंच होतं, बाहेर बोळाची फरशी दिसत होती, तिच्यावर कुणी नव्हतं.

"त्यांनीही असंच बघितलं असेल," आई म्हणाली.

मी तिच्या हातावर हात ठेवला. कुणी आलं नाही. आम्ही बराच वेळ तिकडे बघत बसलो.